रोपांचा कल

१

हेमलता लग्न होऊन बंगलोरला आली तेव्हा तिच्या ट्रंकेत साड्या कमी आणि बियांच्या पुड्या जास्त होत्या, असं तिची आई पुढे सगळ्यांना सांगत असे. ते अगदीच खोटं नव्हतं. साताऱ्याला माहेरच्या परसात ती लहानपणापासून रोपं करायची. कुणी तयार रोप आणून लावलं तर त्यात तिला राम वाटत नसे. बी पेरावं, रोज वाकून बघावं, आणि एका सकाळी मातीला बारीकशी भेग पडून त्यातून वाकडी हिरवी मान वर यावी, यात तिला खरी मजा वाटे.

श्रीकांत सरकारी कारखान्यात इंजिनिअर होता. सकाळी साडेसहाला कारखान्याची बस सर्कलपाशी येई आणि संध्याकाळी पावणेसहाला त्याला तिथंच सोडून जाई. मल्लेश्वरमला एका बैठ्या घराचा मागचा भाग त्यांनी भाड्यानं घेतला होता. एकापाठोपाठ एक तीन खोल्या, मग मागचं दार आणि परसात विहीर. पुढच्या भागात मालकीणबाई राहत. त्यांचं नाव अंबुबाई. त्यांचे पूर्वज कधीतरी शहाजीराजांच्या फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. त्यांचं मराठी निम्मं कानडी असे, आणि त्याला कान सरावायला हेमलतेला दोन महिने लागले.

एकोणसाठ सालच्या जानेवारीत तिनं चहाचं रिकामं खोकं उभं कापून त्याच्या दोन उथळ पेट्या केल्या. तळाला भोकं पाडली. लाल माती, कुजलेला पाला आणि वाळू चाळून एकत्र केली. झिनियाचं बी बोटभर अंतरानं पेरलं, वर राखेची चिमूट भुरभुरवली, बोटांतून पाणी शिंपडलं आणि पेटीवर वर्तमानपत्र झाकून ती मधल्या खोलीच्या पूर्वेकडच्या खिडकीत ठेवली. दिवसभर बोलायला कुणी नसलेल्या बाईला तेवढी सोबत पुरे होती.

२

पाचव्या दिवशी रोपं वर आली. सहाव्या दिवशी तिच्या लक्षात आलं की ती चुकीच्या बाजूला कलली आहेत.

कोवळं रोप उजेडाकडे झुकतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. म्हणून तर पेटी रोज फिरवायची असते. पण ही चाळीसच्या चाळीस रोपं सूर्याकडे पाठ करून खोलीत वाकली होती. खोलीतल्या उजव्या कोपऱ्याकडे. तिथं काही नव्हतं. चुना लावलेली भिंत होती आणि एक खुंटी.

पांढऱ्या भिंतीवरून उजेड परतत असेल, असं तिनं ठरवलं. पेटी फिरवून ठेवली आणि भाजी निवडायला बसली. तासाभरानं पाहिलं तर रोपं फिरून पुन्हा त्याच कोपऱ्याकडे कलली होती. दुपारी तिनं खुंटीवर काळी घोंगडी टांगली. उजेड परतायला जागाच ठेवली नाही. तरी काही फरक पडला नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र पडला. आता ती कोपऱ्याकडे नव्हती. स्वयंपाकघराच्या दाराकडे होती.

संध्याकाळी तिनं श्रीकांतला सांगितलं. तो पेटीशी वाकला, चष्मा वर करून बघू लागला, आणि चुलीची ऊब त्यांना आवडत असेल असं म्हणून हात धुवायला गेला. कारण पटण्यासारखं होतं. हेमलतेनंही ते पटवून घेतलं. फक्त चूल डाव्या हाताला होती आणि रोपं उजव्या हाताला बघत होती, हे तिनं त्याला सांगितलं नाही.

३

दुसरी पेटी तिनं स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली. ती उगवून आली तेव्हा तिची रोपं ओट्यावरच्या झरोक्याकडे न जाता मधल्या खोलीकडे वळली. म्हणजे एका खोलीतली रोपं दुसरीकडे बघत होती आणि दुसरीतली पहिलीकडे.

एका सकाळी श्रीकांत गेल्यावर तिनं शिवणाच्या डब्यातून दोरा काढला. एका पेटीपासून रोपं कलली होती त्या दिशेनं एक दोरा ताणला, दुसऱ्या पेटीपासून दुसरा. स्वतःच्या वेडेपणाचं तिला हसू येत होतं. दोन्ही दोरे दाराच्या उंबऱ्यापाशी, जमिनीपासून कमरेइतक्या उंचीवर, एकमेकांना छेदून गेले.

ती रोज विळी घेऊन बसायची ती त्या जागेपासून दोन हातांवर.

तिनं तिथं हात घालून पाहिला. काही लागलं नाही. गार नाही, गरम नाही. परसात अंबुबाईंच्या रहाटाचा आवाज येत होता आणि रस्त्यावरून कोथिंबीरवाली ओरडत चालली होती. इतकी साधी सकाळ होती, आणि हेमलता दोन दोऱ्यांच्या गाठीत हात धरून उभी होती. मग तिनं हात काढून घेतला आणि नळाखाली धुतला. का धुतला ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

पुढचे पंधरा दिवस ती दर तासाला दोरे ताणत राहिली. जे काही होतं ते सावकाश हलत होतं. तिच्या मागं मागं, पण घाई न करता. ती मधल्या खोलीत शिवायला बसली की तासाभरात दोऱ्यांची गाठ मधल्या खोलीत येई. ती ओट्याशी उभी राहिली की गाठ तिच्या पाठीशी येई. घरात ती एकटी असली की हे चाले. श्रीकांत घरात असला की रोपं एका कोपऱ्याकडे वळून तिथंच राहत, जणू कुणी भिंतीशी उभं राहून वाट बघतंय.

४

तिनं अंबुबाईंना विचारलं ते आडूनच. चिंच द्यायला त्या मागच्या दाराशी आल्या होत्या. आत यायची त्यांची पद्धत नव्हती. हेमलतेनं रोपांचा विषय काढला तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच मान वाकवून आतल्या खिडकीकडे पाहिलं, आणि पेटी दिसताच चिंचेची परडी खाली ठेवली.

"बी पेरलीस?" त्या म्हणाल्या. "घराच्या आत?"

हेमलता हो म्हणाली.

"आमच्यात ह्या घरात बी पेरत नाहीत अम्मा. मोठं झाड आणून लावायचं. तुळस पण मोठीच आणायची."

कारण विचारल्यावर त्यांनी पदरानं तोंड पुसलं. सासूनं सांगितलं होतं, त्यांनी कधी विचारलं नव्हतं, सासूनंही तिच्या सासूला विचारलं नसेल. एवढंच. काही वाईट होतं का, कुणाला काही झालं का, असं हेमलतेनं पुन्हा विचारलं. तसं काही त्यांच्या ऐकण्यात नव्हतं. चार पिढ्या लोक इथं जन्मले, म्हातारे झाले आणि आपापल्या वेळेला गेले.

"मग काय बिघडलं, अक्का?"

अंबुबाई बराच वेळ रोपांकडे बघत राहिल्या. "काही नाही बिघडत," त्या म्हणाल्या. "न बघता राहिलं तर काही नाही. एकदा बघितलं की मग बघत राहावं लागतं. मोठी होऊ दे ती, मग वळत नाहीत. पुन्हा पेरू नकोस. सरी, कळलं?"

परडी तिथंच सोडून त्या गेल्या.

५

त्याच दिवशी हेमलतेनं दोन्ही पेट्या परसात नेऊन उपड्या केल्या. नाजूक मुळं उघडी पडली आणि उन्हानं पाच मिनिटांत सगळी रोपं माना टाकून झोपली. तिला रडू आलं, पण मोकळंही वाटलं.

ते मोकळं वाटणं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकलं. मशीनवर उशीचा अभ्रा शिवता शिवता तिला कळून चुकलं की आता ते कुठे आहे हे आपल्याला माहीत नाही. तिनं पाय मशीनवरून काढले. खोली होती तशीच होती. खुंटी, घोंगडी, भिंतीवरचं कॅलेंडर. मागं वळून बघावं तरी पंचाईत, न वळावं तरी पंचाईत. आधी निदान दोरा होता. दोऱ्याच्या या बाजूला आपण, त्या बाजूला ते. आता सगळं घरच त्याचं झालं होतं.

चार दिवस ती अशी वावरली. भिंतीला पाठ लावून जेवली. आंघोळीला गेली तर दार उघडं ठेवून. पाचव्या दिवशी तिनं पुन्हा माती चाळली.

मग तो एक क्रमच झाला. महिनाभरात रोपांचे देठ निबर होत आणि मग ती कुठंच वळत नसत. म्हणून दर बारा दिवसांनी नवी पेटी पेरायची. झिनिया, तेरडा, एस्टर, फ्लॉक्स, जे लवकर उगवेल ते. पेट्या दोनाच्या सहा झाल्या. मोठी झालेली रोपं श्रीकांत कारखान्यात नेऊन वाटत असे. त्याच्या साहेबांच्या बंगल्यापुढचा वाफा हेमलतेच्या एस्टरनी भरला होता, आणि श्रीकांतला बायकोचा कोण अभिमान. साताऱ्याला धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा हेमलता गेली नाही. आठ दिवस पाणी घालायला कोण आहे, असं तिनं पत्रात लिहिलं. आईला वाटलं, पोरीला गर्व झाला.

माहेरी जाता आलं असतं. परतही यावं लागलं असतं, आणि मधल्या आठ दिवसांत पेट्या वाळलेल्या. दाराशी पोचल्यावर आत ते कुठं उभं आहे हे सांगायला कुणी नाही. हा विचार ती करू शकत नव्हती.

६

साठ सालच्या फेब्रुवारीत कारखान्याच्या वसाहतीत त्यांना क्वार्टर मिळाल्याची चिठ्ठी आली. हेमलतेनं ती तीनदा वाचली. महिनाअखेर जायचं होतं. तिनं नवं बी पेरायचं बंद केलं. हातातल्या रोपांवर तेवढे दिवस निघणार होते.

जायच्या चार दिवस आधीची गोष्ट. सकाळचे अकरा वाजले होते. कोवळी होती ती सगळी रोपं मागच्या दाराकडे कलली होती, आणि आठपासून हलली नव्हती. ती एकटी असताना इतका वेळ ते एका जागी कधी थांबत नसे. हेमलता मधल्या खोलीत कपडे बांधत होती. तेवढ्यात मागच्या दारातून हाक आली.

"अगं, किल्ली मिळाली."

उंबऱ्यावर श्रीकांत उभा होता. क्वार्टरची किल्ली घ्यायला दोन तासांची सुट्टी काढून तो तसाच घरी आला होता. चौकटीला एक हात लावून, हसत, नेमका त्या जागी उभा. तिनं त्याला पटकन आत यायला सांगितलं. तो आला. आत येता येता त्यानं खांदे जरा आवळले, दारात वारा लागला म्हणाला. वारा नव्हता. परसातला केळीचा पाला निपचित होता.

तो टेबलाशी बसला, ताक प्याला, खोल्या किती, नळ कुठे, सगळं उत्साहानं सांगत राहिला. हेमलतेनं उत्तरं दिली असतील. तिचं लक्ष त्याच्या मागच्या पेटीकडे होतं. तो निघाला तोवर साठेक मिनिटं झाली होती, आणि सगळी रोपं टेबलाकडे वळली होती.

तो बस पकडायला गेला. एक वाजता तिनं पुन्हा पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदा पेट्यांमधली सगळी कोवळी रोपं खिडक्यांकडे वळली होती, जगातली सगळी रोपं वळतात तशी. ती खोल्याखोल्यांतून फिरली. घर रिकामं होतं. रिकामं घर कसं वाटतं हे ती विसरूनच गेली होती.

संध्याकाळी पावणेसहाला श्रीकांत आला. सात वाजेपर्यंत रोपं खिडक्यांकडून फिरून पुन्हा आत वळली.

७

क्वार्टर छान होतं. मोठ्या खिडक्या, पुढे अंगण, शेजारी सगळे आपल्यासारखेच. हेमलतेनं तिथं एकही बी पेरलं नाही. पेट्या तिनं मल्लेश्वरमलाच ठेवल्या होत्या.

श्रीकांतमध्ये काही बदललं असतं तर तिला सोपं गेलं असतं. पण तो होता तसाच होता. तसाच पायजम्याची नाडी हरवायचा, तसाच वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवायचा, आमटी आवडली की वाटी पुढे करायचा. त्याच्याकडे बघताना ती याच्या आत कुणी आहे का, का मागं आहे, का नाहीच, असं शोधत राही, आणि तिला दिसे फक्त श्रीकांत. तेच जास्त भयंकर होतं. वाढताना त्याच्या बोटांना बोट लागलं तर ती हात मागं घेई. तो जवळ आला की ती काहीतरी काम काढून उठे. कुणाला सांगणार आणि काय सांगणार? रोपं वाकडी उगवली म्हणून नवऱ्याची भीती वाटते?

सव्वा वर्ष असं गेलं. श्रीकांत स्वभावानं तक्रार करणारा नव्हता. एकदाच, जेवता जेवता, पानाकडे बघत त्यानं विचारलं, "माझं काही चुकलं का?" तिनं नाही म्हटलं. त्या दिवशी त्यानं भात मागितला नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात तो लालबागेजवळच्या दुकानातून झिनियाचं बी घेऊन आला.

८

त्यानं सगळं स्वतः केलं. तिला हातही लावू दिला नाही. फळ्या ठोकून पेटी केली, माती चाळली, वर्तमानपत्र झाकलं. बायको मल्लेश्वरमला सुखी होती आणि तेव्हा घरात रोपं होती, एवढंच त्याला समजलं होतं. पेटी त्यानं पुढच्या खोलीच्या खिडकीत ठेवली. हेमलता त्या खिडकीकडे पाठ करूनच ये-जा करायची.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर तो पेटी उचलून घेऊन आला. जेवणाची खोली लहान होती. टेबल त्याच्या बाजूनं भिंतीला जवळजवळ टेकलेलं. बाहेर जायचं दार हेमलतेच्या खुर्चीच्या मागं. त्यानं पेटी टेबलाच्या मध्यावर ठेवली आणि आपल्या खुर्चीवर, तिच्या समोर बसला.

"गंमत बघ," तो म्हणाला. "ही खिडकीकडे जातच नाहीत. घरात वळतात. आपण ज्या खोलीत बसतो तिकडे."

हेमलता पेटीकडे बघत नव्हती. ती टेबलक्लॉथवरचा हळदीचा डाग बघत होती.

"तुझ्याकडे वळतात का माझ्याकडे, तेवढं बघू या. तासाभरात कळेल." त्यानं मनगटावरचं घड्याळ काढून पेटीशेजारी ठेवलं. लहान मुलासारखा त्याचा चेहरा झाला होता. इतक्या महिन्यांनी ती त्याच्यासमोर न उठता बसली होती, त्याचाच त्याला आनंद झाला असावा.

ती टेबलक्लॉथची कड बोटाला गुंडाळत बसली. घड्याळाचा काटा सरकत होता. तासाभरानं काय होईल ते तिला दिसत होतं. रोपं त्याच्याकडे वळतील. मग तिला माहीत होईल, आणि मग उरलेला सगळा जन्म ते माहीत असताना त्याच्यासमोर जेवावं लागेल. किंवा तिच्याकडे वळतील. मग तो हसेल, आणि तिला रोज आरशासमोर वेणी घालावी लागेल.

वीस मिनिटं झाली असतील. तिनं वर पाहिलं. श्रीकांतच्या कपाळावर दोन नव्या आठ्या होत्या, त्या सव्वा वर्षात पडल्या होत्या, आणि त्या कुणामुळे पडल्या हे तिला ठाऊक होतं. तिला त्याची इतकी दया आली की भीती मागं पडली. ती उठली. खुर्ची तिथंच सोडून स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं, टेबलाला वळसा घालून त्याच्या बाजूला आली, भिंत आणि टेबल यांच्यातल्या चिंचोळ्या जागेत स्टूल सरकवलं आणि त्याला अगदी खेटून बसली.

"अगं, अशानं कळणार कसं?"

"नको कळायला," ती म्हणाली, आणि त्याचा हात हातात घेतला. तो हात नेहमीसारखा होता. उबदार, बोटांवर शाईचा डाग असलेला. तिनं मनाशी ठरवलं, जे असेल ते दोघांचं असू दे.

ते तसेच बसून राहिले. बाहेर शेजारच्यांच्या रेडिओवर कुणीतरी कानडीत बातम्या सांगत होतं. श्रीकांत हळू आवाजात पावसाळ्याआधी अंगणात वाफे कुठे करायचे ते बोलत होता. मग बोलता बोलता थांबला.

हेमलतेनं पेटीकडे पाहिलं. रोपं वळत होती. एकेक करून, देठ जरासा थरथरल्यासारखा होऊन, मग थांबून, मग पुन्हा. त्याच्याकडे नाही. तिच्याकडेही नाही. दोघांकडे पाठ करून चाळीसच्या चाळीस रोपं टेबलापलीकडे, तिनं मघाशी रिकाम्या केलेल्या खुर्चीकडे कलली.

म्हणजे हा श्रीकांतच होता. इतके महिने हा श्रीकांतच होता. सुटकेनं तिला हसू येणार होतं, तेवढ्यात तिला खुर्चीमागचं दार दिसलं.

श्रीकांत रोपांकडे बघत होता, मग खुर्चीकडे, मग पुन्हा रोपांकडे. तिच्या हातातला त्याचा हात घट्ट झाला.

"तुला हे कधीपासून माहीत आहे?" त्यानं विचारलं.

"मल्लेश्वरमपासून."

त्यानं मान हलवली. रेडिओवरच्या बातम्या संपल्या, गाणी लागली. ऊन टेबलावरून सरकून जमिनीवर गेलं. बाहेर जायचं तर त्या खुर्चीला अगदी घासून, तिच्या मागच्या दारानं जावं लागत होतं. दुसरी वाट नव्हती.

दोघांतलं कुणीच उठलं नाही.